तोर्झोक एका दिवसात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

त्वेरला मेडिकलला असलेली आपली मुलं, त्यांना भेटायला येणारे आई-बाबा आणि नोकरीनिमित्त मॉस्कोत राहणारे मराठी लोक तोर्झोकबद्दल साधारण तेच ते प्रश्न विचारतात. म्हणून उत्तरं एका ठिकाणी लिहून ठेवते आहे. हे गाव माझं फार आवडतं आहे, त्यामुळे काही उत्तरं लांबली आहेत. गाड्यांच्या वेळा, तिकिटांचे दर आणि व्हिसाचे नियम बदलत राहतात, ते निघण्याआधी स्वतः बघून घ्या.

तोर्झोक नेमकं कुठे आहे?

मॉस्कोहून सेंट पीटर्सबर्गला जाणाऱ्या जुन्या हमरस्त्यावर. त्वेरपासून साधारण ६० किलोमीटर, मॉस्कोपासून अडीचशेच्या आत. गाव त्वेर्त्सा नदीच्या दोन्ही काठांवर वसलेलं आहे. हीच नदी पुढे त्वेर शहरात व्होल्गाला मिळते. लोकसंख्या चाळीस-पंचेचाळीस हजारांच्या घरात, म्हणजे आपल्याकडच्या तालुक्याच्या गावाएवढी.

सगळे सुझदालला जातात. मग तोर्झोकच का?

सुझदाल सुंदरच आहे, वेळ असेल तर तिथेही जा. पण ते पर्यटकांसाठी नीटनेटकं राखलेलं गाव आहे. तोर्झोकमध्ये लोक आपल्या रोजच्या कामात असतात. नदीकाठच्या व्यापाऱ्यांच्या दगडी वाड्यांत आजही बिऱ्हाडं आहेत, कुठे खिडकीत मांजर बसलेलं दिसतं, कुठे गिलावा पडून आतली वीट उघडी झालेली असते.

गाव असं राहिलं त्याचं कारण रेल्वे. अठराव्या शतकात आणि एकोणिसाव्याच्या पूर्वार्धात दोन राजधान्यांमधली सगळी वर्दळ इथून जायची. घोडे बदलायचे, जेवायचं, मुक्काम करायचा, येता-जाता खरेदी करायची. त्या पैशावर इथली देवळं, चौक आणि वाडे उभे राहिले. मग १८५१ मध्ये मॉस्को–पीटर्सबर्ग लोहमार्ग सुरू झाला आणि तो गावाला वळसा घालून लिखोस्लाव्लवरून गेला. वीसेक वर्षांनी एक फाटा तोर्झोकपर्यंत आला खरा, पण तोवर रस्त्यावरची माणसं आगगाडीत बसून निघून गेली होती. गावाची वाढ खुंटली. मोठे कारखाने आणि उंच इमारती मधल्या भागात फारशा घुसल्याच नाहीत. घोडागाडीच्या काळातलं रशियन गाव कसं दिसत असेल, ते बघायला याहून चांगली जागा मला माहीत नाही. काही वाडे मात्र खरोखर वाईट अवस्थेत आहेत. लवकर जा, असं सांगण्यामागे तेही एक कारण आहे.

इतिहास थोडक्यात सांगाल का?

इतिवृत्तांत पहिला उल्लेख ११३९ चा. गाव उत्तरेकडच्या नोव्हगोरोड या व्यापारी शहराच्या प्रजासत्ताकाच्या दक्षिण सीमेवर होतं. नोव्हगोरोडच्या परिसरात थंडीमुळे आणि दलदलीमुळे धान्य कमी पिकायचं, ते दक्षिणेकडून तोर्झोकमार्गे जायचं. त्यामुळे ज्याच्या हातात तोर्झोक, त्याला नोव्हगोरोडची उपासमार करता येत असे, आणि राजे लोकांनी ते वारंवार केलं. गाव किती वेळा जळलं याची यादी लांब आहे. १३७२ मध्ये तर शेजारच्या त्वेरच्याच राजाने, मिखाईल अलेक्सांद्रोविचने ते जाळलं.

सगळ्यात मोठी घटना १२३८ ची. बातू खानाच्या मंगोल सैन्याने वेढा घातला. मोठमोठी शहरं काही दिवसांत पडत असताना हे छोटं गाव दोन आठवडे लढलं. नोव्हगोरोडहून मदत आली नाही. ५ मार्चला गाव पडलं आणि कत्तल झाली. मंगोल सैन्य पुढे नोव्हगोरोडच्या दिशेने निघालं, पण वाटेतून माघारी वळलं. थंडी ओसरून चिखल सुरू होणार होता, घोड्यांना चारा नव्हता, अशी कारणं इतिहासकार देतात. तोर्झोकच्या दोन आठवड्यांनी नोव्हगोरोड वाचलं, असं इथले लोक मानतात. ते स्वतःला ‘नोव्होतोरी’ म्हणवतात आणि हा प्रसंग शाळकरी मुलालाही माहीत असतो.

इथल्या उत्खननात भूर्जपत्रांवर कोरलेले मजकूरही सापडले आहेत. नोव्हगोरोडखालच्या गावांत साधी माणसंसुद्धा बर्चच्या सालीवर टोकदार सळईने हिशेब आणि निरोप लिहीत. १४७८ मध्ये नोव्हगोरोड मॉस्कोच्या राज्यात विलीन झालं, त्याबरोबर तोर्झोकही.

मॉस्कोहून किंवा त्वेरहून कसं जायचं?

मॉस्कोच्या लेनिनग्राद्स्की स्थानकावरून ‘लास्तोच्का’ ही वेगवान लोकल त्वेरमार्गे थेट तोर्झोकला जाते. थेट फेऱ्या मोजक्या असतात, म्हणून परतीचं तिकीट आधीच काढून ठेवा. थेट गाडी जमत नसेल तर लिखोस्लाव्लला बदलून जाता येतं, पण तिथली जोडगाडी चुकली तर बराच वेळ फलाटावर जातो.

त्वेरहून बस सोयीची. बसस्थानक त्वेरच्या रेल्वे स्थानकाला लागूनच आहे आणि प्रवास सव्वा-दीड तासाचा. चारजण असाल तर टॅक्सीही परवडते. तोर्झोक स्टेशन मधल्या भागापासून जरा बाजूला आहे, चालत अर्धा तास धरा.

कोणते कागद जवळ ठेवायचे?

मूळ पासपोर्ट, व्हिसा, विमानतळावर मिळालेलं मायग्रेशन कार्ड आणि राहत्या पत्त्याच्या नोंदणीची चिठ्ठी. पोलिस सहज थांबवून कागद मागू शकतात. फोनमधला फोटो पुरेसा मानला जाईलच असं नाही. एका दिवसाच्या सहलीसाठी तोर्झोकमध्ये वेगळी नोंदणी लागत नाही.

भारतीयांना ऑगस्ट २०२३ पासून रशियाचा ई-व्हिसा मिळतो. आई-बाबांसाठी तो सोपा पडतो. मुक्कामाचे दिवस किती ते अर्ज भरताना नीट वाचा.

सध्या तिथे जाणं सुरक्षित आहे का?

रशिया फेब्रुवारी २०२२ पासून युक्रेनशी युद्धात आहे, आणि हा प्रश्न हलका घेण्यासारखा नाही. सीमेपासून दूर असलेल्या त्वेर प्रांतातही ड्रोन येऊन गेले आहेत. मॉस्कोचे विमानतळ अधूनमधून काही तास बंद ठेवले जातात, मोबाइल इंटरनेटही मधूनच तोडलं जातं. भारतीय दूतावासाच्या सूचना वाचल्याशिवाय बेत ठरवू नका.

तोर्झोकला आणखी एक काळजी घ्यायची. गावाजवळ लष्कराच्या हेलिकॉप्टर वैमानिकांचं प्रशिक्षण केंद्र आणि धावपट्टी आहे. डोक्यावरून हेलिकॉप्टर गेलं तर फोन वर करू नका. लष्करी इमारती, गणवेशातली माणसं, तपासणी नाके यांचे फोटो अजिबात काढायचे नाहीत, आणि काढले असतील तर समाजमाध्यमांवर टाकायचे नाहीत. मुलांना हे मी दरवेळी पुन्हा सांगते.

भारतातलं कार्ड चालतं का?

नाही. मार्च २०२२ पासून रशियाबाहेर काढलेली व्हिसा आणि मास्टरकार्डची कार्डं तिथे चालत नाहीत. डॉलर किंवा युरोच्या कोऱ्या, न दुमडलेल्या नोटा आणा, मोठ्या शहरात बँकेत बदलून घ्या आणि तोर्झोकला जाताना रुबल जवळ ठेवा. संग्रहालयाच्या खिडकीवर आणि बाजारात सुटे पैसे लागतात. शिकणाऱ्या मुलांकडे रशियन ‘मीर’ कार्ड असतं, ते सगळीकडे चालतं.

कोणता महिना चांगला?

मेच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. जूनमध्ये उजेड सतरा तासांहून जास्त असतो, त्यामुळे एका दिवसात दीड दिवसाचं गाव बघून होतं. मला स्वतःला सप्टेंबरचा दुसरा आठवडा आवडतो. बर्च पिवळे झालेले असतात, डास संपलेले असतात आणि बाजारात रानातल्या आळंब्या येतात.

डिसेंबरमध्ये जेमतेम सात तास उजेड. बर्फातलं गाव देखणं दिसतं, पण नदीकाठचे उतार आणि लाकडी पायऱ्या निसरड्या होतात. खालचा सोल खरबरीत असलेले बूट हवेतच. एप्रिल टाळा, वितळत्या बर्फाचा चिखल घोट्यापर्यंत येतो.

वारही बघून ठरवा. रशियात संग्रहालयं बहुधा सोमवारी, कुठे मंगळवारीही बंद असतात, आणि महिन्याच्या शेवटी एक दिवस साफसफाईसाठी ठेवलेला असतो. गुरुवार ते रविवार निर्धास्त.

दिवस कसा आखायचा?

सकाळी आधी बोरिसोग्लेब्स्की मठ. तिथून नदीकाठाने रमतगमत मधल्या चौकांपर्यंत. दुपारी निवांत जेवण. मग सोनेरी भरतकामाचं संग्रहालय, वेळ उरला तर रशियन कवी पुश्किनचं. संध्याकाळी पूल ओलांडून पलीकडच्या उंच काठावरचं लाकडी चर्च, कारण उतरत्या उन्हात ते सगळ्यात छान दिसतं.

एवढंच करा. एका दिवसात तोर्झोक, ओस्ताश्कोव आणि सेलिगेर तलाव असा बेत घेऊन लोक येतात. त्यांचा दिवस गाडीत जातो आणि तोर्झोकचा त्यांच्याकडे एक फोटो राहतो. हे गाव पायी बघायचं आहे. नदीकाठच्या बाकावर अर्धा तास नुसतं बसण्यासाठी वेळ ठेवा, तोही बेताचाच भाग समजा.

बोरिसोग्लेब्स्की मठात काय बघायचं?

परंपरेनुसार हा मठ १०३८ चा, म्हणजे रशियातल्या सर्वांत जुन्या मठांपैकी एक. संस्थापक येफ्रेम हा राजपुत्र बोरिसचा अश्वपाल होता. १०१५ मध्ये राजगादीच्या भांडणात बोरिस आणि त्याचा भाऊ ग्लेब मारले गेले. दोघांनी प्रतिकार केला नाही, म्हणून पुढे रशियन चर्चने त्यांना संतपद दिलं. बोरिसला वाचवताना येफ्रेमचा भाऊ गेओर्गीही मारला गेला. येफ्रेमला भावाचं फक्त मस्तक सापडलं. ते त्याने जन्मभर जवळ जपलं आणि आपल्याबरोबर पुरायला सांगितलं, अशी कथा आहे.

आज दिसणारं मुख्य कॅथेड्रल मात्र बरंच नंतरचं आहे. पायाचा दगड १७८५ मध्ये खुद्द सम्राज्ञी दुसऱ्या कॅथरीनने बसवला आणि काम १७९६ मध्ये पुरं झालं. आराखडा निकोलाय ल्वोवचा. कांद्यासारखे घुमट डोळ्यांसमोर ठेवून आलात तर इथे वेगळंच दिसेल: जाड खांबांची भारदस्त दर्शनी बाजू, मोकळ्या भिंती, वर मोठा घुमट. दरवाज्यावरचं चर्च आणि घंटाघरही त्याच्याच कल्पनेतून आलेलं. वर जाण्याचा जिना उघडा असेल तर अवश्य चढा. नदीचं वळण, छपरं आणि देवळांचे कळस एका नजरेत येतात, आणि गावाचा नकाशा डोक्यात पक्का बसतो.

क्रांतीनंतर मठ बंद झाला आणि सोव्हिएत काळात तिथे तुरुंग होता. आता पुन्हा साधू राहतात. भिंतींवर त्या मधल्या वर्षांच्या खुणा आहेत, दुरुस्ती अजून पुरी झालेली नाही.

हा ल्वोव कोण? गावात सगळीकडे त्याचंच नाव दिसतं.

निकोलाय ल्वोव इथल्याच पंचक्रोशीतला, जवळच्या चेरेंचित्सी या खेड्यातला जमीनदाराचा मुलगा. वास्तुशास्त्राचं रीतसर शिक्षण त्याने कधी घेतलं नाही. पुस्तकं वाचून आणि इटलीतल्या इमारती बघून तो शिकला. कविता लिहिल्या, लोकगीतं गोळा करून छापली, देशी दगडी कोळसा शोधला. ओलसर माती थरावर थर धोपटून पक्क्या भिंती बांधायची पद्धत त्याने रशियात रुजवायचा प्रयत्न केला. त्या पद्धतीने त्याने पीटर्सबर्गजवळच्या गातचिना इथे १७९९ मध्ये बांधलेला प्रायरी राजवाडा अजून उभा आहे.

तोर्झोकच्या बाजारचौकात त्याच्या आराखड्यावरून उभारलेली गोल, खांबांची छोटी प्रार्थना-छत्री आहे. माणसं शेजारून पिशव्या घेऊन जातात आणि कोणी मान वर करत नाही. तुम्ही करा. एवढ्या लहान वास्तूला इतकं प्रमाणबद्ध करणं सोपं नाही.

नदीकाठच्या मोठ्या कॅथेड्रलमध्ये कोणाची समाधी आहे?

ते स्पासो-प्रेओब्राझेन्स्की कॅथेड्रल, १८२२ मध्ये पुरं झालेलं. त्याचा आराखडा पीटर्सबर्ग घडवणारा वास्तुकार कार्लो रोस्सी याचा मानला जातो. इथे पूजली जाणारी संत म्हणजे व्याझ्माची राजवधू युलियानिया. परागंदा होऊन तोर्झोकला आलेल्या स्मोलेन्स्कच्या राजा युरीने तिच्यावर वाईट नजर ठेवली. तिने सुरी उचलून प्रतिकार केला, तेव्हा त्याने तिच्या नवऱ्याला आणि तिला ठार करून तिचा देह त्वेर्त्सात टाकून दिला. साल १४०६. इथल्या बायका आजही संसारातल्या अडचणी घेऊन तिच्यापुढे मेणबत्ती लावतात.

लाकडी चर्च कुठे आहे आणि आत जाता येतं का?

मठाच्या पलीकडच्या, डाव्या काठावर. स्तारो-वोझ्नेसेन्स्काया म्हणून विचारा. तीनशेहून जास्त वर्षांचं हे लाकूडकाम गावातली इतकी आगजाळ पाहूनही टिकलं. चौकोनी गाभ्यावर अष्टकोनी मजले एकावर एक लहान होत जातात. लाकूड काळाने रुपेरी राखाडी झालंय. ओंडक्यांचे कोपरे जवळून बघा, कुऱ्हाडीचे घाव अजून दिसतात. दार उघडं असेल तर आत जाऊन वर पाहा, छताच्या आतल्या बाजूला चित्रं आहेत. बंद असलं तरी चढून जा, पलीकडच्या काठाचा देखावा तिथूनच दिसतो.

सोनेरी भरतकाम म्हणजे काय, आणि ते करताना बघायला मिळतं का?

तोर्झोकची रशियाभर ओळख यानेच आहे. धर्मगुरूंची वस्त्रं, दरबारी पोशाख, आणि पूर्वी मऊ रंगीत चामड्याचे बूट, सपाता आणि कमरपट्टे यांवर सोन्या-चांदीच्या तारेचं काम. प्रवासी घोडे बदलेपर्यंत बायकामुलींसाठी काहीतरी घेऊनच पुढे जात. पुश्किनने १८२६ मध्ये इथून कमरपट्टे विकत घेऊन राजकन्या व्याझेम्स्कायाला पाठवले होते. १८९४ मध्ये भरतकामाची शाळा निघाली, आणि त्या परंपरेतला कारखाना आजही चालू आहे. सोव्हिएत काळात त्याने लष्करी गणवेशावरची चिन्हंही भरली.

संग्रहालयाला जोडून काम दाखवतात, तिथे कारागीर बाईंच्या शेजारी जरा वेळ उभे राहा. सोनेरी तार कापडातून आरपार जातच नाही. ती वरच्या वर पसरलेली असते. खालून बारीक रेशमी दोरा वर येतो, तार ओलांडतो आणि पुन्हा खाली जातो, तेवढाच टाका. उठावदार फूल हवं असेल तर आधी त्या आकाराचा पुठ्ठा कातरून मखमलीवर बसवतात. तार या कडेपासून त्या कडेपर्यंत जाते, कडेला टाक्याने धरली जाते आणि वळून परत येते. दोन तारांमध्ये फट राहता कामा नये आणि त्या एकमेकींवर चढताही कामा नयेत. बाईंचा डावा हात सतत कापडाखाली असतो, सुई कुठे आहे ते त्या बोटांनीच ओळखतात. आपल्याकडची जरदोजी ज्यांनी जवळून पाहिली आहे त्यांना हे काम लगेच कळेल, आणि हे करायला किती डोळे जातात तेही.

काय विकत घ्यावं?

चष्म्याचं घर, पुस्तकात घालायची खूण, छोटा बटवा. मोठ्या वस्तू महाग आहेत आणि त्या तशाच असायला हव्यात. यंत्रावर केलेलं कामही त्याच फळीवर असतं, म्हणून ‘रुचनाया राबोता?’ म्हणजे हातचं काम का, एवढं विचारून घ्या. हातचं असेल तर घासाघीस करू नका.

पोझार्स्की कटलेटची गोष्ट खरी आहे का?

गोष्टी बऱ्याच आहेत. झारने वासराच्या मांसाची कटलेट मागितली, ते संपलेलं होतं म्हणून कोंबडीची करून वाढली, ही दंतकथा इथे प्रत्येकजण सांगेल. खरं एवढं की पोझार्स्की घराण्याची खानावळ आणि सराय हमरस्त्यावर होती आणि तिथली कटलेट देशभर गाजली. पुश्किनने १८२६ मध्ये मित्राला प्रवासाचा सल्ला देताना तोर्झोकला पोझार्स्कीकडे जेव, आणि कटलेटच खा, असं ओळींत लिहून दिलं. १८३३ मध्ये बायकोला लिहिलेल्या पत्रातही या घरची क्वास (पावापासून आंबवलेलं पेय) आणि कटलेट येतात. ती इमारत २००२ च्या आगीत जळाली, बरीच वर्षं नुसत्या भिंती उभ्या होत्या. आता ती पुन्हा उभारली आहे.

या कटलेटच्या खिम्यातच लोणी घातलेलं असतं, वरून पावाचे बारीक चौकोनी तुकडे लावून तळतात. बाहेरचा थर कुरकुरीत आणि आत काटा लावताच सुटेल इतकं मऊ. मधल्या भागातल्या बहुतेक उपाहारगृहांत मिळते. गोठवलेली आणून गरम केलेली नको असेल तर दुपारी एक-दोनच्या गर्दीत खा, तेव्हा कढई चालू असते.

आम्ही शाकाहारी आहोत. उपाशी राहू का?

नाही, पण विचारावं लागेल. बटाटा किंवा आळंब्या भरलेले वारेनिकी (मोदकासारखे उकडलेले), जॅम किंवा ताज्या चीजबरोबर ब्लिनी (पातळ धिरडी), बकव्हीटची खिचडीसारखी काशा, स्मेताना म्हणजे आंबट सायीबरोबर द्रानिकी (बटाट्याची थालीपिठं), सिर्निकी (ताज्या चीजच्या टिक्क्या), एवढं सहज मिळतं. सूपची मात्र खात्री करा. कोबीचं श्ची किंवा बीटचं बोर्श दिसायला भाज्यांचं असलं तरी बहुधा मांसाच्या पाण्यातच उकळलेलं असतं. ‘बेझ म्यासा’ म्हणजे मांसाशिवाय, असं म्हटलं की वाढणारे वरचे तुकडे काढून देतात, रस्सा तोच. ‘ना म्यास्नोम बुल्योने?’ म्हणजे मांसाच्या पाण्यात केलंय का, असं विचारा.

ईस्टरच्या आधीच्या सात आठवड्यांत जाणार असाल तर ‘पोस्तनोये मेन्यू’ मागा. उपवासाच्या त्या काळात मांस, अंडी, दूध काहीच नसलेले पदार्थ बऱ्याच ठिकाणी वेगळे लिहिलेले असतात. जैन मंडळींनी कांदा-लसणासाठी डबा बरोबर ठेवावा.

चर्चमध्ये वागायचे काही नियम?

बायकांनी डोक्यावर रुमाल किंवा ओढणी घ्यायची, पुरुषांनी टोपी काढायची. गुडघ्यावरचे कपडे नकोत. चपला-बूट काढायचे नसतात, आपले लोक सवयीने दारात काढायला लागतात. बसायला बाक नसतात, लोक उभ्यानेच प्रार्थना करतात. प्रार्थना चालू असेल तर मागे भिंतीशी उभे राहा, फोटो विचारूनच. मेणबत्ती विकत घेऊन लावायला परधर्मीयांना कोणी अडवत नाही.

रशियन अजिबात येत नाही. चालेल?

चालेल, जरा अवघड जाईल. इंग्रजी बोलणारे फार थोडे. भाषांतराचं ॲप आणि गावाचा नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून ठेवा, इंटरनेटवर विसंबू नका. दुकानात शिरताना ‘झ्द्रास्त्वुइते’ आणि निघताना ‘स्पासिबा’ म्हणा. संग्रहालयाच्या दालनात खुर्चीवर बसलेल्या आजी सुरुवातीला कडक वाटतात. एखाद्या वस्तूपुढे मनापासून थांबलात की उठून येतात आणि तुम्हाला कळो न कळो, सगळं समजावून सांगतात.

चौलला आलेला अफानासी निकितिन तोर्झोकचा का?

तो त्वेरचा. पंधराव्या शतकात हा व्यापारी व्होल्गातून खाली निघाला, इराण पार करून होर्मुझहून गलबताने चौलला उतरला आणि घाट चढून जुन्नरला पोहोचला. पावसाळा त्याने तिथेच काढला. जुन्नरच्या असदखानाने त्याचा घोडा काढून घेतला आणि धर्म बदल, तरच परत देतो असं बजावलं. एका मुसलमान अधिकाऱ्याने मध्ये पडून त्याला सोडवलं, घोडाही परत मिळवून दिला. परतताना तो स्मोलेन्स्कच्या अलीकडेच वारला, त्वेरला पोहोचलाच नाही. त्याचं लिखाण पोहोचलं, आणि बहमनी काळातल्या आपल्या मुलखातली माणसं, कपडे, जेवण यांचं वर्णन त्यात आहे.

त्वेरला व्होल्गाकाठी त्याचा १९५५ चा पुतळा आहे, खाली गलबताची नाळ. रेवदंड्यालाही त्याचं स्मारक आहे. त्वेरहूनच निघणार असाल तर बस पकडण्याआधी जाऊन या.

वासिल्योवो आणि प्रुत्न्याही जमेल का?

हातात गाडी असेल आणि उन्हाळा असेल तरच. दोन्ही गावाबाहेर काही किलोमीटरवर, त्वेर्त्साच्या काठी. वासिल्योवोला प्रांतभरातून आणून उभारलेली लाकडी घरं आणि देवळं आहेत, आणि ल्वोवने प्रचंड गोल धोंड्यांचा रचलेला ‘सैतानाचा पूल’. मुलं बरोबर असतील तर त्यांना तो फार आवडतो.

प्रुत्न्याच्या दफनभूमीत अन्ना केर्नची कबर आहे. पुश्किनची १८२५ ची, रशियात प्रत्येकाला पाठ असलेली प्रेमकविता तिच्यासाठी लिहिलेली. ती १८७९ मध्ये मॉस्कोत वारली. तिला नवऱ्याशेजारी प्र्यामुखिनो या खेड्यात पुरायचं होतं, पण पावसाने रस्ता वाहून गेला आणि शवपेटी पुढे नेता येईना, म्हणून वाटेत इथेच तिला मूठमाती दिली. लग्न झालेली जोडपी तिथे फुलं ठेवून जातात.

आई-बाबांना झेपेल का?

गुडघे दुखत असतील तर मठाचं घंटाघर आणि लाकडी चर्चची चढण सोडा. बाकी काठ बऱ्यापैकी सपाट आहे, पण फरसबंदी उखडलेली आहे, काठी बरोबर असू द्या. स्टेशनवरून टॅक्सी करा. स्वच्छतागृहं संग्रहालयात आणि उपाहारगृहात वापरून घ्या, रस्त्यावर सापडत नाहीत.

परतीची गाडी चुकली तर?

आधी बसस्थानकावर त्वेरच्या बसची चौकशी करा. तीही गेली असेल तर त्वेरपर्यंत टॅक्सी करा, पैसे आधी ठरवून. त्वेरहून मॉस्कोला उशिरापर्यंत गाड्या असतात. मुक्कामच करायचा झाला तर हॉटेलवाले परदेशी पाहुणे घेतात ना, ते आधी फोन करून विचारा, कारण तुमची नोंदणी त्यांनाच करावी लागते आणि लहान ठिकाणी सगळेच ते करत नाहीत.